टेस्टरचे आठही दिवे लागतात, तरी नेट अडकतं

तक्रार ठरलेली असते. "नेट आहे, पण अडकतं." मेल येतात-जातात, पिंगला (समोरच्या यंत्राला मारलेल्या छोट्या हाकेला) उत्तर मिळतं, साधं पान उघडतं. सर्व्हरवरून मोठी फाइल ओढायला घेतली की वेग आधी चढतो, मग पडतो, मग शून्यावर येऊन बसतो. केबल काढून पुन्हा खोचली की थोडा वेळ बरं वाटतं आणि काही दिवसांनी पुन्हा तोच फोन. तोवर नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलून झालेला असतो, पॅच कॉर्ड (यंत्राला लावायची छोटी केबल) बदलून झालेली असते, नेटवर्क कार्ड बदलून झालेलं असतं, ड्रायव्हर दोनदा टाकून झालेला असतो. भिंतीतल्या केबलला मात्र कोणी हात लावत नाही, कारण ती केबल तपासायच्या टेस्टरवर पास आहे. १ ते ८, हिरवे दिवे ओळीने लागतात.

अशाच एका जागेवर मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला केबलच्या टोकाचा प्लग कापून हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि आतल्या आठ तारांचे रंग मोठ्याने वाचले: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं! प्रत्येक रंग आपापल्या जोडीदाराला चिकटून बसलेला. आधीच्या दोन खेपांना मीही त्या पारदर्शक प्लगकडे बघून "रंग ठीक आहेत" म्हणालो होतो. दोष तिथेच होता.

तारा लावायच्या टी५६८बी या पद्धतीचा क्रम असा आहे: १ पांढरी-नारिंगी, २ नारिंगी, ३ पांढरी-हिरवी, ४ निळी, ५ पांढरी-निळी, ६ हिरवी, ७ पांढरी-तपकिरी, ८ तपकिरी. आता वरच्या चुकीच्या क्रमाशी ताडून बघा. फरक फक्त दोन तारांचा आहे. चौथ्या जागी निळी हवी तिथे हिरवी आहे आणि सहाव्या जागी हिरवी हवी तिथे निळी. पट्ट्याची तार, साधी तार, पट्ट्याची, साधी, हा ताल दोन्ही क्रमांत तसाच राहतो, म्हणून डोळा फसतो. याला स्प्लिट पेअर म्हणतात, म्हणजे फुटलेली जोडी.

टेस्टरला हे का कळत नाही? कारण तो बिचारा एकच प्रश्न विचारतो: या टोकाची तिसरी तार त्या टोकाला तिसऱ्याच जागी पोचते का? दोन्ही टोकांना एकसारखी चूक केली असेल, तर पोचतेच. चौथी चौथ्यावर, सहावी सहाव्यावर. दिवे हिरवे. तार तुटलेली नाही, एवढंच त्याने सांगितलं आणि ते खरंच आहे. कोणती तार कुणाबरोबर पिळलेली आहे हा प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो.

आणि सगळा खेळ त्या पिळात आहे. एका जोडीतल्या एका तारेतून सिग्नल जातो, दुसरीतून त्याचाच उलटा. पलीकडचं कार्ड दोन्हींतला फरक मोजतं. बाहेरून येणारा गोंगाट, मग तो मोटरचा असो, शेजारच्या केबलचा असो किंवा याच केबलमधल्या दुसऱ्या जोडीचा, दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, कारण दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. फरक काढताना तो वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त घट्ट ठेवतात तोही यासाठीच, म्हणजे शेजारच्या जोड्या एकमेकींच्या तालात येत नाहीत. प्लग जिथे खोचतो त्या जॅकच्या बाजूने जोड्या ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. चुकीच्या क्रमात ३-६ वर कोण येतं? पांढरी-हिरवी आणि निळी. या दोघी केबलमध्ये एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. पांढरी-हिरवी पिळलेली आहे हिरवीशी आणि हिरवी बसली आहे ४ वर, म्हणजे दुसऱ्याच सिग्नलच्या जोडीत. केबलची लांबीभर दोन वेगळे सिग्नल एकमेकांच्या गळ्यात गळा घालून धावतात.

दोन मीटरच्या पॅच कॉर्डमध्ये ही चूक पचून जाते. म्हणूनच "मी आयुष्यभर असंच क्रिम्प मारतो, कधी काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतात (क्रिम्प म्हणजे टूलने दाबून प्लग बसवणं). ते खोटं बोलत नसतात, त्यांच्या केबली आखूड असतात. तोच क्रम चाळीस-पन्नास मीटरच्या ओढलेल्या केबलवर मारला की गडबड सुरू. १० एमबीपीएसच्या (सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या) काळात बरंच काही खपून जायचं. १०० एमबीपीएसला फक्त १-२ आणि ३-६ या जोड्या वापरात असतात, त्यामुळे लिंक येते पण चुका पडत राहतात. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही जोड्यांवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी सिग्नल जातो, तिथे ३-६ आणि ४-५ चा गोंधळ थेट अंगावर येतो. लिंक एकतर उभी राहत नाही, नाहीतर उभी राहून कोलमडते. बाहेरचा गोंगाट दिवसभर सारखा नसतो, म्हणून तक्रारही "कधी कधी" या सदरात राहते.

३-६ अशी विचित्र जोडी का, हा प्रश्न प्रत्येक शिकाऊ पोरगा विचारतो. विचारायलाच हवा, कारण उत्तर कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही. मूळ टेलिफोनमध्ये आहे. फोनच्या लहान प्लगमध्ये पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर असते आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना. आठ पिनांच्या जॅकमध्ये त्या मधल्या दोन पिना होतात ४ आणि ५, बाजूच्या ३ आणि ६. फोनवाले तसेच बाहेर सरकत २-७ आणि १-८ अशा जोड्या करायचे. पण १ आणि ८ इतक्या लांब फाकवल्या तर जलद सिग्नलला ते सोसत नाही, म्हणून नेटवर्कच्या प्रमाणात कडेच्या चार पिनांच्या शेजारी-शेजारी जोड्या केल्या: १-२ आणि ७-८. मधल्या चार मात्र फोनशी जुळत्या राहिल्या. म्हणजे निळी जोडी मध्यात आणि तिला कवेत घेऊन बसलेली दुसरी जोडी. प्लगकडे बघताना मी आता एवढंच बघतो: निळ्या दोघींच्या अल्याड-पल्याड एकाच रंगाच्या दोघी आहेत का?

त्या दोघी हिरव्या असतील तर बी, नारिंगी असतील तर ए. टी५६८ए मध्ये हिरवी जोडी १-२ वर जाते आणि नारिंगी ३-६ वर, बाकी सगळं तेच. ए चांगली की बी, यावर लोक तावातावाने भांडतात. विजेच्या दृष्टीने दोघींत काडीचा फरक नाही, इन्सुलेशनचा रंग सिग्नलला दिसत नाही. टीआयए या अमेरिकेतल्या संघटनेच्या प्रमाणात दोन्ही मान्य आहेत. तयार पॅच कॉर्ड बहुतेक बी क्रमाच्या मिळतात, म्हणून मी बी लावतो. जिथे आधीपासून ए आहे तिथे निमूटपणे ए लावतो. भिंतीतली केबल दोन्ही टोकांना ए आणि पॅच कॉर्ड दोन्ही टोकांना बी असेल तरी काही बिघडत नाही. प्रत्येक तुकडा स्वतःपुरता सरळ असला की पुरे.

बिघडतं ते एकाच तुकड्याचं एक टोक ए आणि दुसरं बी झालं की. ती क्रॉसओव्हर केबल होते, म्हणजे १-२ आणि ३-६ या जोड्यांची अदलाबदल झालेली. आजची कार्डं आणि स्विच हे आपोआप ओळखून घेतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस त्या जॅकला जुना प्रिंटर किंवा एखाद्या यंत्राचा जुना कंट्रोलर लावतात आणि लिंकचा दिवाच लागत नाही. लॅपटॉप लावला की लागतो. प्रिंटर खराब म्हणून दुरुस्तीला जातो आणि तिथे ठणठणीत चालतो. इथे साधा टेस्टर कामाला येतो: १ ची ३ आणि २ ची ६ अशी अदलाबदल दाखवतो. पण दिवे ओळीने लागतात की नाही हे नीट बघायला हवं. नुसतं "सगळे लागले" म्हणून टेस्टर खिशात टाकणारे कमी नाहीत.

आता मूळ रोगाकडे. फुटलेली जोडी आहे अशी शंका आली तर महागडा सर्टिफायर (केबलची पूर्ण चाचणी घेणारं यंत्र) नसतानाही बरंच कळतं. पहिलं, प्लग कापायच्या आधी रंग वाचा, मोठ्याने आणि आकड्यासकट. मनातल्या मनात वाचलं की डोळा अपेक्षित तेच वाचतो. दुसरं, स्विच मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग आणि आकडे बघता येतील असा) असेल तर त्या पोर्टचे एरर काउंटर बघा. सीआरसी किंवा एफसीएस नावाचा आकडा ट्रॅफिकबरोबर वाढत असेल तर केबलवरून येताना फ्रेम, म्हणजे डेटाची पाकिटं, खराब होत आहेत. लिनक्सवर ईथटूल नावाची आज्ञा हेच आकडे कार्डाच्या बाजूने देते. दोन्ही टोकं बघा, कारण एरर तिथेच मोजली जाते जिथे फ्रेम पोचते. काउंटर शून्य करा, मोठी फाइल पाठवा, पुन्हा बघा. चांगल्या केबलवर तो शून्यावरच बसलेला असतो.

पिंगच्या भरवशावर राहू नका. साधा पिंग विंडोजवर ३२ बाइटचा आणि लिनक्सवर ५६ बाइटचा माल घेऊन जातो. एवढंसं पाकीट गोंगाटातून निसटून जातं. १४७२ बाइटचा माल, तुकडे न करण्याची खूण आणि सलग हजारभर पिंग, असं करून बघा. १४७२ अशासाठी की पाकिटावरच्या आयपीच्या मथळ्याचे २० आणि पिंगच्या (आयसीएमपीच्या) मथळ्याचे ८ बाइट धरून बरोबर १५०० होतात, म्हणजे नेहमीच्या सेटिंगमध्ये एका फ्रेमला मावेल तेवढं सगळं. आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर असेल तर दोन्ही दिशांनी चालवा. एका दिशेला वेग ठीक आणि दुसरीला आपटलेला, असं चित्र या दोषात बऱ्याचदा दिसतं.

केबल निर्दोष असतानाही हुबेहूब अशीच लक्षणं देणारा एक तोतया आहे. एका बाजूला कुणीतरी हाताने १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) ठोकून ठेवलेलं असतं आणि दुसरी बाजू ऑटोवर. ऑटोवाल्या बाजूला समोरून बोलणी करणारं कुणी भेटत नाही, म्हणून ती हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच) धरते. मग फुलच्या बाजूला सीआरसी एरर आणि हाफच्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर). लेट कोलिजन दिसलं की क्रिम्पिंग टूल खाली ठेवा आणि सेटिंग बघा.

स्प्लिट निघाली तर दुरुस्ती दहा मिनिटांची आहे: दोन्ही टोकांना चौथी आणि सहावी अदलाबदल. एकच टोक बदललंत तर टेस्टर ४ आणि ६ उलटे दाखवेल. आणि इथेच ही समस्या पुन्हा पुन्हा का जन्म घेते ते कळतं. मी ज्या जागेवर तीनदा गेलो, तिथे माझ्या आधी एकाने डेस्ककडचं टोक चक्क बरोबर मारलं होतं. टेस्टरने ४-६ ची चूक दाखवली, तेव्हा त्याने रॅककडचं (स्विचच्या कपाटाकडचं) टोक बघितलं आणि आपलं बरोबर टोक कापून "तिकडच्यासारखं" करून टाकलं. आठही दिवे हिरवे, काम पास, सही झाली. चुकीला शोधून काढणारा एकमेव पुरावा त्याने स्वतःच्या हाताने कापून कचऱ्यात टाकला. तेव्हापासून माझा नियम असा की दुसऱ्या टोकाकडे बघून प्लग मारायचा नाही. तक्त्याकडे बघून मारायचा, आणि दोन टोकं जुळली नाहीत तर दोन्ही तक्त्याशी ताडायची.

दुसरी नेहमीची तक्रार याहून सोपी आहे: गिगाबिटचं सगळं सामान, पण लिंक १०० वर. वेग किती यावर दोन्ही बाजूंची बोलणी होतात ती १-२ आणि ३-६ वरून. त्या जोड्या धड असल्या की दोघं "गिगाबिट चालेल" असं ठरवतात आणि प्रत्यक्ष सुरू करायला जातात तर ४-५ किंवा ७-८ मध्ये एक तार गायब. शहाणं कार्ड मुकाट १०० वर उतरतं. हट्टी कार्ड पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि लिंकचा दिवा मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहतो. अशा वेळी मी सरळ तपकिरीकडे बघतो. आठवी तार कडेला असते. कापताना कात्री जराशी तिरकी गेली की कडेचीच आखूड पडते आणि प्लगच्या तळाला टेकत नाही. प्लग समोरून बघा, आठही तांब्याची टोकं काचेला नाक लावल्यासारखी दिसली पाहिजेत. केबलमधून वीज देणारे काही इंजेक्टर ४-५ आणि ७-८ वरूनच देतात, तिथे हाच दोष असला तर कॅमेरा सुरूच होत नाही आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी जातो.

प्लग मारताना पीळ किती उलगडायचा यावरही बोलायला हवं. प्रमाण १३ मिलिमीटर म्हणतं. अंगठ्याच्या नखाच्या लांबीएवढं धरा. तारा सरळ करायला सोपं जातं म्हणून लोक दोन-अडीच इंच उलगडतात, ओळीत लावतात आणि तसंच दाबून टाकतात. रंग बरोबर असूनही तेवढ्या भागात तुम्ही स्वतःच्या हाताने स्प्लिट पेअरचाच लहान भाऊ तयार केलेला असतो. उलगडा हवं तेवढं, रंग लावा, मग सगळ्या तारा एकत्र चिमटीत धरून पुढचा जास्तीचा भाग एका फटक्यात काटकोनात कापा. प्लगची चाप खाली, पितळी दातांची बाजू आपल्याकडे वर आणि केबल आत शिरायचं तोंड आपल्या पोटाकडे असं धरलं की डावीकडची पहिली. वरचं जाड आवरण प्लगच्या आत गेलंच पाहिजे आणि मागची खुंटी त्या आवरणावर दाबली गेली पाहिजे. ती नुसत्या तारांवर बसली तर टेबल सरकवताना दर खेपेला तारांनाच हिसका बसतो. "झाडलोट झाली की नेट जातं" या तक्रारीचं मूळ मला दोनदा इथे सापडलंय.

आरपार जाणारे प्लग आले आणि रंग तपासणं सोपं झालं, कारण तारा पुढून बाहेर येतात. पण टूलचं पातं बोथट असेल तर टोकं साफ कापली जात नाहीत, तांब्याचे केस बाहेर राहतात आणि शेजारी-शेजारी टेकतात. पातं बदला, ते काही जन्मभराचं नसतं. एकसंध तारेचा प्लग वेगळा आणि बारीक केसांच्या तारेचा वेगळा, तेही विकत घेताना बघा. कॅट ६ या वरच्या प्रतीच्या केबलची जाड तार त्याखालच्या कॅट ५ई च्या प्लगमध्ये जोर लावून घुसवू नका. घुसली तरी सगळ्या तारा तळापर्यंत जातीलच असं नाही.

भिंतीतल्या जॅकवर आणि रॅकमधल्या पॅच पॅनेलवर (भिंतीतल्या केबली जिथे येऊन संपतात त्या पट्टीवर) तर वेगळीच गंमत. त्यावर रंगांचं स्टिकर असतं, एक ओळ ए ची, एक बी ची. खाचांचा क्रम १ ते ८ नसतो. आतली पट्टी जिकडे सोयीची तिकडे कंपनीने खाच ठेवलेली असते. प्लगचा पाठ केलेला क्रम तिथे चालवायला गेलात की संपलंच. स्टिकरवरची एकच ओळ धरा आणि तिच्यावर बोट ठेवून जा. डावीकडे ए वाचून उजवीकडे बी वाचलेला जॅक मी पाहिलाय. तार खाचेत ठोकून बसवायच्या पंचडाउन टूलच्या ज्या बाजूला पातं आहे ती बाहेरच्या, फेकून द्यायच्या टोकाकडे हवी. उलटं धरलं तर कामाचीच तार कापली जाते. ती खाचेत बसलेली दिसते, हात लावला की मात्र सुटून येते.

हे सगळं तपासूनही कॅमेरा किंवा वायफायचा अॅक्सेस पॉइंट केबलवरच्या विजेवर तग धरत नसेल, तर तार सुरीने खरवडून बघा. आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त, लांब ओढलेल्या केबलवर व्होल्टेज पडतो, आणि रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागून वीज जास्त ओढली गेली की कॅमेरा रीस्टार्ट होतो. दिवसा एकदम गुणी. अशा केबलवर रंग कितीही बिनचूक लावा, उपयोग नाही. ती बदलायची.

त्या तीनदा गेलेल्या जागेवर शेवटी बावीस केबली निघाल्या, सगळ्या एकाच हाताच्या, सगळ्यांत चौथी-सहावी उलट. लांबच्या नऊ तक्रार करत होत्या, जवळच्या तेरा गप्प होत्या. सगळ्याच नव्याने मारल्या. रॅकच्या दाराला आतून दोन प्लग चिकटवले, एक बरोबर आणि एक चुकीचा, खाली चिठ्ठ्या लावून. काही महिन्यांनी एक नवी केबल पुन्हा अडकायला लागली. बघितलं तर चिठ्ठी गळून पडली होती आणि कुणीतरी चुकीच्या नमुन्यावरून बघून प्लग मारला होता. आता दारावर एकच प्लग आहे.